वाळ्याच्या वासाचं पाणी

जबलपूर
१४ जुलै १९६५

ती. वन्संना सुनेत्राचा नमस्कार.

तुमचं कार्ड पोचलं. "जिवंत आहेस का मेलीस ते तरी कळव" असं उघड्या कार्डावर लिहिता, वन्सं! आधी पोस्टमनने वाचलं, मग शेजारच्या विनीताबाईंनी वाचलं आणि उरलंसुरलं माझ्या हाती आलं. जिवंत आहे. तुमचे भाऊही जिवंत आहेत, पण घरात दिसत नाहीत. कच्छकडे गडबड झाली तेव्हापासून कारखाना दोन पाळ्यांत चालून राहिला आहे, आणि पंपहाऊसचे चार्जमन म्हणून दोन्ही पाळ्यांचं पाणी यांच्या गळ्यात. जेवायला येतात आणि ताटावरच डुलक्या घेतात. तुम्ही यांना लहानाचं मोठं केलं, तेव्हाही असेच डुलायचे का?

पण मी लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. माझं डोकं फिरलंय, आणि इथे ज्याला सांगावं तो हसतो.

परवा नळाखाली घागर लावली तर पाण्याबरोबर माशाची शेपटी आली. नुसती शेपटी, नखाएवढी. विनीताबाईंच्या बादलीत बेडकाच्या पिल्लाचा अर्धा देह. त्यांनी "राम राम" म्हणून नळाला फडकं बांधलं आणि विषय संपला. माझा नाही संपला. मी यांचा डबा घेऊन थेट तलावावर गेले.

तुम्ही आला होतात तेव्हा क्वार्टरांमागचा तलाव पाहिलाच आहे. तिथे एप्रिलमध्ये नवा पंप बसवला, जुन्याच्या दुप्पट ताकदीचा. त्याच्या पाइपाचं तोंड पाण्यात असतं, त्याला लोखंडी जाळी आहे, पण भोकं अशी की माझं बोट आरपार जाईल. पावसाळ्यात तलावात सगळ्यांचीच पिल्लं असतात. ती जाळीतून आत ओढली जातात आणि पंपाजवळच्या गाळणीच्या डब्यात जाऊन अडकतात. डबा तुंबला की पंप बंद करायचा, पंपावरच्या मदतनीस खलाशांनी डबा उघडून गवतावर उपडा करायचा, पुन्हा पंप सुरू. मी गेले तेव्हा तेच चाललं होतं. वन्सं, पसाभर नव्हे, पाटीभर! माशांची पिल्लं, नुकते मागचे पाय फुटलेले बेडूक, आणि रुपयाएवढं एक कासव. बगळे आणि कावळे आधीच येऊन बसले होते, त्यांना वेळ पाठ झाली आहे.

मी यांना म्हटलं, हे काय? तर म्हणाले, "अगं, हा पंप आहे, पाळणाघर नाही." खलाशीही हसले.

मी त्याच दिवशी आपली जुनी मच्छरदाणी कापून पाइपाच्या तोंडाला बांधून टाकली. तासाभरात शेवाळ बसून ती अशी गच्च झाली की पंपाला पाणीच मिळेना. पंप तापला आणि त्याच्याहून जास्त तुमचे भाऊ तापले. घरी येऊन जे बोलले ते कार्डावर तर नाहीच, या बंद पत्रातही लिहिता येणार नाही.

पण मी सोडणार नाही. पावसाळ्याचे तीन महिने सांभाळायचे, एवढंच आहे. दसऱ्यापर्यंत पिल्लं मोठी होतात, मग पाइपाच्या ओढीला दाद देत नाहीत. तीन महिनेही कोणाच्याने होऊ नयेत?

तुमची
सुनेत्रा

~

नागपूर
२३ जुलै १९६५

चि. सौ. सुनेत्रा हिला सरोजिनीचे आशीर्वाद.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसेना. अगं बाई, आपल्या घरात मासळीचा वास आला तरी खिडक्या लावून घेतात, आणि तू मासळीच्या पोरांसाठी तळ्यात उतरतेस? काहून? खाणारे आहेत, मासे पकडून विकणारे ढीमर आहेत, त्यांची त्यांना काळजी नाही आणि तुलाच काय पडलं आहे?

मी तुला आज ओळखत नाही. दोन वर्षांपूर्वी तो प्रसंग झाला, तेव्हापासून तुझं मन ठिकाणावर नाही, हे मी समजून आहे. रिकामं मन कुठेतरी जाऊन बसतंच. पण ते बसायला जागा बरी निवडावी. सोळा सोमवार धर. रामटेकला येऊन जा, मी सोबत येते. आपले एक ओळखीचे गृहस्थ पुढच्या आठवड्यात जबलपूरला येणार आहेत, त्यांच्याबरोबर चांदीचा रांगता बाळकृष्ण पाठवते आहे. रोज आंघोळ घाल, लोणी दे, अंगाई म्हण. मनासारखं होईल.

आणि एक कायमचं सांगते. मुरलीची फोरमनची बढती दिवाळीत व्हायची आहे. आई गेली तेव्हा तो परकर धरून माझ्यामागे फिरायचा. त्याला फोरमन झालेला पाहायचं, एवढं एकच माझं राहिलं आहे. बायकोपायी त्याचं हसं झालं तर मी तुला माफ करणार नाही. सोड तो पंप.

सरोजिनी

~

जबलपूर
९ ऑगस्ट १९६५

ती. वन्संना सुनेत्राचा नमस्कार.

बाळकृष्ण पोचला. फार गोड आहे, देवात ठेवला आहे, लोणीही मिळतं त्याला. पण ज्या हेतूने पाठवलात तो हेतू मात्र परत घ्या.

मूल नाही म्हणून सुनेत्रा बेडकांची आई व्हायला निघाली, असं इथल्या बायका म्हणतात. मला नाव पडलं आहे, 'मेंढकीवाली'. तुम्हीही तेच लिहिलंत, फक्त देवाधर्मात गुंडाळून. बाईने काही केलं की तिच्या पोटाकडे बघायचं, ही कुठली रीत? मूल तर तुमच्या भावालाही नाही. ते दिवसभर पंप पुसत बसतात, त्याला तेल घालतात, तो खोकला तरी जेवण टाकून धावतात. त्यांना कोणी म्हणत नाही की बिचारा पंपातच लेकरू बघून राहिला आहे! आणि ज्याला तुम्ही 'तो प्रसंग' म्हणता, त्याबद्दल मला आजवर कोणी काही विचारलं नाही. आता बेडकांच्या निमित्ताने विचारू नका.

पाटीभर जिवंत पिल्लं रोज गवतावर ओतलेली मला बघवत नाहीत, एवढंच कारण आहे. ते पुरेसं नाही का?

बरं, आता ऐका. मला युक्ती सापडली! श्रीखंडासाठी दही बांधायचं होतं, पंचा सापडेना, म्हणून चहाच्या गाळणीत ओतलं. गच्च बसलं. थेंब गळेना. मग पंचा मिळाला, तो परातीवर पसरून ओतलं तर त्याच दह्याचं पाणी मुकाट निघून गेलं. मी परात धरून तशीच उभी राहिले. मच्छरदाणीत चुकलं होतं ते हेच! पाइपाचं तोंड एवढंसं, सगळी ओढ तिथेच. पंप जेवढं पाणी ओढतो तेवढं ओढेल, पण गाळणी जर खोलीएवढी मोठी केली तर एकेका भोकाशी ओढ इतकी मंद होईल की माशाच्या पिल्लालाही शेपटी हलवून मागे फिरता येईल. शेवाळही एका जागी चिकटणार नाही.

खोलीएवढी गाळणी आणायची कुठून? तर साहेबलोकांच्या बंगल्यांतून. उन्हाळ्यात दारांना लावलेल्या वाळ्याच्या टट्ट्या पाऊस पडला की काढून गोदामामागे फेकतात. बांबूची चौकट, त्यात वाळा भरलेला, अजून धड. मी वाळा जरा विरळ केला, टट्ट्या धुतल्या, आणि पाइपाच्या तोंडाभोवती चार-चार हात अंतर सोडून चारी बाजूंनी उभ्या केल्या. शिंगाड्याचे वेल लावायला दोन ढीमरणी येतात, त्यांनी हात लावला. त्यांच्याच पोटावर येत होतं ते, नाहीतर पुढच्या वर्षी त्यांच्या माणसांनी पकडायचं काय? खाली गाळात दगड लावून फट बुजवली. रोज सकाळी एकदा केरसुणी फिरवली की झालं.

तेव्हापासून गाळणीच्या डब्यात काय निघतं माहीत आहे? पानं. नुसती पानं! बगळे दोन दिवस वाट बघून निघून गेले.

तुमच्या भावाला यातलं काही ठाऊक नाही. ते पंपाच्या आत बघतात, मी बाहेर बघते. तेव्हा त्यांची बढती सुखरूप आहे, काळजी नसावी.

सुनेत्रा

~

नागपूर
१ सप्टेंबर १९६५

चि. सौ. सुनेत्रा,

काल गणपती आले. यंदा मोदक बत्तीसच झाले, एकवीस देवाला आणि बाकीचे कोणाला हा तंटा अजून चालला आहे.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. थोरल्या नणंदेला 'हेतू परत घ्या' म्हणतेस! मी माझ्या नणंदेला असं लिहिलं असतं तर सासऱ्यांनी टांगा करून माहेरी पाठवलं असतं. पण रेडिओवर काश्मीरच्या बातम्या ऐकून राहवेना म्हणून लिहिते.

बायका पोटाकडे बघतात, हे तुझं म्हणणं खरं आहे. माझ्याकडेही पाच वर्षं तसंच बघितलं आहे त्यांनी. पण म्हणून मी तळ्यात नव्हते उतरले.

हे दिवस वेगळे आहेत, सुनेत्रा. कारखाना दारूगोळ्याचा आहे. अशा जागी सरकारी पाइपाशी बाईमाणूस हात घालून उभी, हे कोणी भलत्या डोळ्यांनी पाहिलं तर? तुझी युक्ती चांगली असेल. परातीचं मला पटलंही. पण टट्ट्या काढून घे, लढाईचं सावट जाऊ दे. पिल्लं पुढच्या वर्षीही होतील. हे पत्र मिळताच 'काढल्या' एवढं एका ओळीत कळव.

सरोजिनी

~

नागपूर
१३ सप्टेंबर १९६५

चि. सौ. सुनेत्रा,

तुझी एक ओळ आली नाही. आली ती बापूसाहेबांची तार आणि मागोमाग पत्र. बरं झालं तुमच्या जबलपुरात, कांचघर मोहल्ल्यात, आपलं एक तरी वडीलधारं माणूस आहे, नाहीतर मला वर्तमानपत्रात वाचावं लागलं असतं!

बापूसाहेब लिहितात: बंगल्यांतल्या नळांना कसलासा वास येऊ लागला. कोण्या साहेबाच्या बायकोने पाणी ओतून दिलं आणि फोन केला की शत्रूच्या हेराने पाण्यात औषध कालवलं. पिण्याच्या पाण्याच्या टाक्या रिकाम्या केल्या, दोन दिवस टँकरने पाणी दिलं. पहारेकरी बंदुका घेऊन तलावावर गेले, तर तिथे कमरेएवढ्या पाण्यात कोण? आमची भावजय, केरसुणी घेऊन! मुरलीला कामावरून घरी बसवलं आहे. चौकशी व्हायची आहे. क्वार्टरही जाईल, नोकरीही जाईल, आणि लढाईच्या दिवसांत तुरुंगसुद्धा होऊ शकतो, असं बापूसाहेब म्हणतात.

वाळ्याचा वास, सुनेत्रा! एवढं कसं सुचलं नाही तुला?

रडून झालं आहे, आता काय केलं ते सांगते. चौकशीच्या साहेबांशी बापूसाहेबांची ओळख आहे. मी त्यांच्या हातून साहेबांना एक पत्र दिलं आहे. त्यात लिहिलं आहे की माझ्या भावाला यातलं काही ठाऊक नव्हतं, हे तूच मला लिहिलं होतंस. आणि लिहिलं आहे की दोन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यातच बाळंतपण होऊन माझ्या भावजयीची मुलगी गेली, तेव्हापासून तिचं डोकं ठिकाणावर नाही, पाण्यातल्या जिवांना ती आपली मुलं समजते, तिच्या हातून झालं ते वेडात झालं.

बापूसाहेबांचा निरोप आला. साहेब दयाळू आहेत. तसं फाइलीत लिहितील, मुरलीला नुसती ताकीद मिळेल, बढतीला धक्का लागणार नाही. तू फक्त चौकशीत मान खाली घालून 'हो' म्हण. एकदा वेडी म्हटल्याने काही अंगाला भोकं पडत नाहीत. माझ्या भावासाठी एवढं कर.

सरोजिनी

~

जबलपूर
२५ सप्टेंबर १९६५

ती. वन्संना सुनेत्राचा नमस्कार.

लढाई थांबली. खिडक्यांच्या काचांवरचे काळे कागद काढायचे आहेत, पण खळ अशी पक्की बसली आहे की नखं दुखतात. आजवर लिहिलं नाही, कारण राग आवरत नव्हता. आता आवरला आहे, म्हणून नीट लिहिते.

आधी माझं खोटं. 'तुमच्या भावाला ठाऊक नाही' असं मी लिहिलं, ते साफ खोटं होतं. टट्ट्या उभ्या करताना पहिल्याच दिवशी दोन कोसळल्या. मी गाळात बसकण मारून रडायच्या बेतात होते, तर हे आले. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, हातोडा आणला आणि चारी कोपऱ्यांना लोखंडी खुंट ठोकले. मग म्हणाले, "ताईने विचारलं तर माझं नाव सांगू नकोस, बढतीच्या चिंतेने ती आजारी पडेल."

वासाचं म्हणाल, तर ती माझीच चूक. पण वन्सं, आपण उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी घालतोच की नाही? पाहुणा आला तर 'वाळ्याचं पाणी देऊ का' असं कौतुकाने विचारतो. नळाला तो वास आला तेव्हा मला तर वाटलं, चलो, फुकटात सगळ्या वस्तीला थंडावा मिळाला! याला कोणी विष म्हणेल, हे माझ्या सात पिढ्यांना सुचलं नसतं. ज्या बाईने फोन केला ती बर्फाचं पाणी पिते, तिला काय ठाऊक!

चौकशीचं सांगते. साहेबांच्या खोलीत पाच पुरुष आणि मी. बापूसाहेब काळा कोट घालून आले होते. साहेब खरंच सज्जन आहेत, मला खुर्ची दिली, पाणी विचारलं. मग बापूसाहेबांनी तुमचं पत्र हिंदीत करून वाचलं. "उसकी बेटी सातवें महीने में गुज़र गई, तब से दिमाग़ ठीक नहीं." साहेब हळूच म्हणाले, "बहनजी, आप बस इतना कह दीजिए कि आपको होश नहीं था. हम समझते हैं."

सगळे माझ्याकडे बघत होते, आणि ती बघण्याची तऱ्हा मी ओळखते. पोटाकडे बघायची.

मी उभी राहिले. म्हटलं, "साहब, मेरी बेटी गई, वो दुख मेरा है. उसको इस टट्टी से मत बाँधिए. मैं होश में थी. पानी में खड़ी थी तब भी थी, अभी भी हूँ. टट्टी इसलिए लगाई कि रोज़ टोकरी भर बच्चे मर रहे थे. इजाज़त नहीं ली, उसकी जो सज़ा है, दीजिए."

बापूसाहेबांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात हे उठले. म्हणाले, "खूँटे मैंने गाड़े हैं, साहब. मेरा भी लिख लीजिए." तुमचे भाऊ, वन्सं, जे घरात भाजीत मीठ नसलं तरी बोलत नाहीत! आणि पुढे म्हणाले, "एक बार टट्टी निकालकर पंप चलवाइए, फिर लगाकर चलवाइए. अपनी आँख से देखिए."

साहेब उठले. सगळी वरात तलावावर. टट्ट्या बाजूला काढून पंप सुरू केला. अर्ध्या तासात पंपाचा आवाज घोगरा झाला, यांनी बंद करायला लावला आणि डबा गवतावर उपडा केला. तेच सगळं पुन्हा पडलं. पुष्कळ हलत होतं, पुष्कळ हलत नव्हतं. साहेब उकिडवे बसले आणि पेन्सिलीने एक कासवाचं पिल्लू बाजूला करायला गेले. ते मेलेलं वाटत होतं. त्याने मान काढून पेन्सिल चावली! साहेब दचकून मागेच बसले. कोणी हसलं नाही. मला फार हसू आलं होतं, पण दाबलं.

मग टट्ट्या लावून तेवढाच वेळ चालवला. पानं, शेवाळ आणि एक चप्पल. पंप एकदाही थांबवावा लागला नाही. साहेबांनी खलाशांना विचारलं तेव्हा त्यांनीही कबूल केलं की महिनाभर डबा साफ करायला पंप बंद करावा लागला नव्हता, आणि लढाईच्या दिवसांत आग विझवायच्या पाण्याच्या टाक्या त्यामुळेच भरलेल्या राहिल्या. हे तर माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

तेव्हा निकाल असा. वाळा काढून त्या जागी बांबूच्या कामट्यांची बारीक चटई बसवायची, म्हणजे वास नको, आणि पावसाळाभर ती ठेवायची. ते काम यांच्याकडेच आलं, हे कामावर रुजू झाले. पिल्लं वाचली, वन्सं. या वर्षीची आणि पुढच्याही.

आता राहिलं ते फाइलीचं. साहेब म्हणाले, परवानगी न घेता संरक्षणाच्या जागी हात घातला, याचा शेरा द्यावाच लागेल. तो कोणावर, हे तुमच्या पत्रावर आहे. पत्र फाइलीत राहिलं तर 'बाईची मनःस्थिती बिघडलेली होती' असं लिहून प्रकरण मिटेल, यांना ताकीद आणि दिवाळीत बढती. पत्र नसेल तर शेरा यांच्यावर, आणि बढती पुढच्या वर्षावर. मी म्हटलं, पत्र काढा. साहेब म्हणाले, आम्ही काढू शकत नाही, ज्यांनी दिलं त्यांनीच लेखी परत घेतलं तर निघेल.

हे म्हणतात, जाऊ दे बढती. मी विचारलं, खरंच? तर म्हणाले, "तू वेडी आहेस असं लिहिलेल्या कागदावर मी फोरमन होऊ?"

पण ती बढती तुमचीही आहे, हे मला समजतं. परकर धरून मागे फिरणाऱ्या मुलासाठी तुम्ही ते लिहिलंत. म्हणून हुकूम करत नाही, विचारते. आयुष्यभर वेडी म्हणून एका सरकारी कपाटात पडून राहायची माझी तयारी नाही. परत घ्याल का?

आणि एक गोष्ट राहिली. ती लिहू का नको, असं दोन दिवस चाललं होतं. दवाखान्यात नर्स तिला 'वो' म्हणाली. विनीताबाई 'जे झालं ते' म्हणाल्या. तुम्ही 'तो प्रसंग' लिहिता. हे तर काहीच म्हणत नाहीत, विषय निघाला की उठून बाहेर जातात. त्या खोलीत, परक्या माणसांसमोर, मी पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकलं की माझी मुलगी गेली. मुलगी. मला वेडी ठरवायला का होईना, पण तुम्ही लिहिलंत. तुमचा एवढा राग आला होता, आणि त्यातच तुमच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. आता याचं काय करायचं ते मला कळत नाही.

सुनेत्रा

~

नागपूर
४ ऑक्टोबर १९६५

चि. सौ. सुनेत्रा हिला सरोजिनीचे आशीर्वाद.

उद्या दसरा, घरात झेंडूच्या माळा करायच्या पडल्या आहेत आणि मी तुला लिहीत बसले आहे.

तुझ्या पत्राने चार दिवस माझं अन्न गोड लागलं नाही. पहिले दोन दिवस तुझ्यावर चिडले. तिसऱ्या दिवशी मुरलीवर. खुंट ठोकतो आणि मोठ्या बहिणीला लपवायला लावतो, एवढा शहाणा कधी झाला तो? त्याला म्हणावं, बढतीने मी आजारी पडत नाही, लपवाछपवीने पडते. चौथ्या दिवशी चिडायला मीच तेवढी उरले.

बापूसाहेबांचंही पत्र आलं. लिहितात, 'आता हट्ट करू नये, पत्र फाइलीत राहू द्यावे, मुलाचे भले होईल.' त्यांना कळवलं आहे की भलं कशात आहे ते आमच्या घरात आम्ही बघू, तुम्ही कोटाला ऊन द्या.

बढती जाते, याचं वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, रडले. पण भाऊ फोरमन व्हावा म्हणून भावजयीला वेडी करून ठेवायचं, आणि मग पेढे वाटायचे? माझ्याच्याने त्या पेढ्याचा घास उतरणार नाही. वर्षभराने होईल तेव्हा वाटू. तोवर मी काही मरत नाही.

साहेबांना आज रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवला. समोरच्या वकिलांकडून इंग्रजी करून घेतलं. ते म्हणाले, 'पत्र परत घेत आहे' एवढंच लिहा, बाकीची गरज नाही. मी म्हटलं, गरज मला आहे, तुम्ही लिहा. त्याची मराठी नक्कल खाली देते. वाचून मुरलीलाही दाखव, आणि तो उठून बाहेर जायला लागला तर हाताला धरून बसव.

'मा. साहेबांचे सेवेशी. माझे मागील पत्र मी परत घेत आहे. माझी भावजय सौ. सुनेत्रा पूर्ण शुद्धीवर होती व आहे, तिच्या मनःस्थितीबद्दल मी लिहिले ते सर्व खोटे होते. माझ्या भावास त्यामुळे जी शिक्षा होईल ती आम्हां सर्वांस मान्य आहे. मागील पत्रातील एकच विधान खरे असून ते कोणीही खोडू नये. सौ. सुनेत्रा हिला मुलगी झाली होती.

सरोजिनी पांढरीपांडे
मुरलीधर यांची बहीण, मुलीची आत्या.'